सॅटचे गुण कमी आले, आता अर्ज कसा करायचा?

कोविडच्या साथीत परीक्षा केंद्रं बंद पडली आणि अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या नामवंत कॉलेजांनी सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण देण्याची सक्ती उठवली. आता ती परत येतेय. एमआयटीने २०२२ मध्ये सुरुवात केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी एकापाठोपाठ तसंच जाहीर केलं. मागून स्टॅनफर्ड, कॉर्नेल आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठही आलं. कोलंबियाने मात्र गुण देणं ऐच्छिकच ठेवायचं ठरवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे केंद्रं तर प्रवेश ठरवताना हे गुण बघतच नाहीत. म्हणजे एकाच मुलीचे १३९० गुण एका अर्जात तिला मागे खेचतात, दुसऱ्यात कुणी विचारत नाही आणि तिसऱ्यात चक्क कामाला येतात. पालकांचा गोंधळ उडतो तो इथेच.

आधी परीक्षा समजून घेऊ

सॅटचे दोन विभाग असतात, वाचन-लेखन आणि गणित. प्रत्येकी २०० ते ८०० गुण, म्हणून एकूण ४०० ते १६००. एसीटी ही तशीच दुसरी परीक्षा, तिचे गुण १ ते ३६. जिथे गुण लागतात तिथे दोन्हींपैकी कुठलीही एक चालते.

सॅट आता पूर्णपणे संगणकावर होते. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावरून दुसरा भाग अवघड येणार की सोपा, हे ठरतं. सोपा भाग वाट्याला आला तर त्यातलं सगळं बरोबर सोडवूनही वरच्या टोकाचे गुण मिळत नाहीत. गुण अनपेक्षितपणे घसरण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. मुलं पहिल्या भागात सोप्या प्रश्नांवर घाई करतात, बऱ्याच चुका करतात आणि वरचा रस्ता तिथेच बंद होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तोच मुलगा पुढच्या आठवड्यात परीक्षेला बसला तर एकूण गुण ३०-४० इकडेतिकडे होऊ शकतात. परीक्षा घेणारी संस्था कॉलेज बोर्ड निकालासोबत असा पट्टा स्वतःच छापते. त्यामुळे १४४० आणि १४७० या दोन मुलांमधला फरक कुठलाही जाणता प्रवेश अधिकारी फारसा मनावर घेत नाही. घरी मात्र त्या ३० गुणांवरून आठवडाभर अबोला धरला जातो.

अर्ज वाचणाऱ्याला मुळात एवढंच कळायला हवं असतं की या मुलाला इथला अभ्यास झेपेल का. सॅटचे गुण हा त्यावरचा एक पुरावा आहे. तो कच्चा असेल तर त्याच प्रश्नाचं उत्तर देणारा दुसरा पुरावा समोर ठेवायचा. पुढचं सगळं याच धोरणाने चालतं.

'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी?

हे आकड्यांवरून ठरवता येतं. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचं ठरावीक नमुन्याचं पत्रक प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतं. त्यातले दोन तक्ते आपल्या कामाचे.

सी-७ या तक्त्यात शाळेतले गुण, विषयांची काठिण्यपातळी, सॅट, निबंध, शिफारसपत्र या प्रत्येक गोष्टीला ते कॉलेज किती वजन देतं ते दिलेलं असतं: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं, किंवा घेतलं जात नाही. सी-९ मध्ये प्रवेश मिळून दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे गुण असतात. तिथे २५ वा आणि ७५ वा पर्सेंटाइल असे दोन आकडे बघा. समजा, ते १४८० आणि १५५० आहेत. म्हणजे गुण पाठवलेल्यांपैकी पाव मुलांचे गुण १४८० किंवा त्याखाली, पाव मुलांचे १५५० किंवा त्यावर, आणि उरलेली निम्मी मुलं मधे.

'गुण पाठवलेल्यांपैकी' हे शब्द सोडून चालणार नाही. त्याच तक्त्यात किती टक्के विद्यार्थ्यांनी सॅटचे आणि किती टक्क्यांनी एसीटीचे गुण दिले, तेही लिहिलेलं असतं. गुण ऐच्छिक असलेल्या ठिकाणी हे आकडे म्हणजे ज्यांचा फोटो बरा आला तेवढ्यांनीच चिकटवलेला अल्बम. समजा, दोन्ही परीक्षा मिळून ५५ टक्क्यांनीच गुण दिले असतील तर उरलेल्या ४५ टक्क्यांचे गुण त्या १४८० मध्ये धरलेलेच नाहीत. खरा वर्ग दिसतो त्यापेक्षा खाली असतो. म्हणून गुणांची सक्ती असलेल्या कॉलेजचा पट्टा आणि ऐच्छिक असलेल्याचा पट्टा एका मापाने मोजू नये.

दुसरी तुलना तुमच्या शाळेशी. अर्जासोबत शाळेचा काउन्सेलर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारा कर्मचारी, शाळेचं माहितीपत्रक पाठवतो. तिथे किती प्रगत विषय शिकवले जातात, मुलांचे सरासरी गुण काय, किती जण पुढे शिकायला जातात, हे त्यात असतं. ज्या शाळेची सॅटची सरासरी १०५० आहे तिथल्या मुलाचे १४०० आणि ज्या शाळेची १४०० आहे तिथल्या मुलाचे १४००, यांचा अर्थ वेगळा लावला जातो. डार्टमथने २०२४ मध्ये सक्ती परत आणताना जे कारण दिलं त्यातला मोठा भाग हाच होता. कमी सोयीच्या घरांतली आणि शाळांतली बरीच मुलं असे गुण झाकून ठेवत होती, जे दाखवले असते तर त्यांची प्रवेशाची शक्यता वाढली असती.

पाठवायचे की झाकायचे?

सक्ती असेल तर प्रश्नच नाही, पाठवायचे. बघत नसतील तरीही प्रश्न नाही, तो रकाना विसरून जायचा. शिकागो विद्यापीठाची पद्धत वेगळी आहे. गुण ऐच्छिक, आणि दिलेच तर फायदा होत असेल तरच धरतात, असं ते सांगतात. येलने २०२४ मध्ये चौथाच मार्ग काढला: सॅट, एसीटी किंवा शाळेत असतानाच द्यायच्या एपी, आयबी या विषयवार परीक्षा, यांपैकी कुठल्याही एका परीक्षेचे गुण द्या. त्यात मेख अशी की एपी किंवा आयबी निवडलंत तर तोवर दिलेल्या त्या परीक्षेच्या सगळ्या विषयांचे गुण द्यावे लागतात, वेचून चालत नाही.

खरा निर्णय ऐच्छिक कॉलेजांपुरता उरतो, आणि तो प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा घ्यायचा असतो. एकदाच ठरवून सगळीकडे तेच करणं ही सर्रास होणारी चूक.

गुण २५ व्या पर्सेंटाइलच्या वर असतील तर पाठवा. ७५ व्याच्या वर नाहीत म्हणून कचरू नका. खाली पण जवळ असतील, म्हणजे ३०-४० च्या अंतरात, तर आधी शाळेची सरासरी बघा. तिच्यापेक्षा तुमचे गुण बरेच वर असतील तर पाठवणं बहुधा योग्य. त्याहून खाली असतील तर शक्यतो नको.

याच्या जोडीला विभागवार गुण बघायला हवेत. १४३० मध्ये गणित ७८० आणि वाचन-लेखन ६५० असेल आणि मुलाला कंप्युटर सायन्सला जायचं असेल, तर ते १४३० त्याच्या बाजूने बोलतात. त्याच १४३० मध्ये गणित ६५० असेल आणि अर्ज इंजिनीअरिंगचा असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात नेमकी नको ती शंका येते.

'झाकले म्हणजे कमीच असणार, असं ते समजणारच ना?'

ही शंका अगदीच खोटी नाही. ज्या शाळेतून बहुतेक मुलं चांगले गुण पाठवतात तिथून एकाने पाठवले नाहीत तर वाचणाऱ्याच्या लक्षात येऊ शकतं. पण लक्षात येणं वेगळं आणि समोर १२८० लिहिलेलं असणं वेगळं. गुण नसतील तर त्यांचं वजन शाळेतले गुण, घेतलेले विषय आणि शिक्षकांची पत्रं यांच्याकडे सरकतं. म्हणून गुण झाकायचे असतील तर या बाकीच्या गोष्टी भक्कम हव्यात. गणितात बी, सोपे विषय आणि वर सॅटही नाही, असा अर्ज निवडक कॉलेजात टिकत नाही.

एक सावधगिरी. प्रवेशासाठी गुण ऐच्छिक असले तरी गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्तीसाठी ते लागू शकतात. अनेक सरकारी विद्यापीठांत सॅटच्या टप्प्यानुसार शिष्यवृत्तीची रक्कम ठरते. प्रवेशाचं पान वाचून थांबू नका, शिष्यवृत्तीचं पान स्वतंत्र वाचा.

पुन्हा परीक्षा द्यावी का?

बहुतेकदा हो, पण तयारीत काही बदलणार असेल तरच. बऱ्याच कॉलेजांत सुपरस्कोर धरतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या परीक्षांमधले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण उचलून बेरीज करतात. मार्चमध्ये वाचन-लेखन ६८० आणि गणित ७४०, म्हणजे १४२०. ऑगस्टमध्ये ७३० आणि ७२०, म्हणजे १४५०. सुपरस्कोर होतो ७३० अधिक ७४०, म्हणजे १४७०. अशा ठिकाणी दुसऱ्या खेपेला कच्च्या विभागावर जोर देणं फायद्याचं. दुसरा विभाग थोडा घसरला तरी बिघडत नाही.

सगळीकडे अशी सोय नसते. कुठले गुण पाठवायचे ते विद्यार्थी निवडू शकतो, पण काही कॉलेजं दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण मागतात. जॉर्जटाउन वर्षानुवर्षं तशी अट घालत आलंय. यादीत असं कॉलेज असेल तर 'सहज बसून बघू' म्हणून परीक्षा देऊ नये.

तयारी करताना मागच्या सराव परीक्षांमधली प्रत्येक चूक तीनपैकी एका खात्यात टाका: संकल्पनाच येत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. पहिल्या खात्यात जास्त चुका असतील तर ते ते धडे बसून शिकावे लागतील, नुसत्या सराव परीक्षा देऊन गुण हलणार नाहीत. दुसऱ्या खात्यात असतील तर पहिल्या भागात वेग कमी करा. गणितात एका भागात २२ प्रश्नांना ३५ मिनिटं असतात, वाचन-लेखनात २७ प्रश्नांना ३२ मिनिटं, तेव्हा गणितात उलटतपासणीला थोडा वाव असतो. तिसऱ्या खात्यात असतील तर अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जाण्याची सवय लावावी लागते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सराव ब्लूबुक या अधिकृत अ‍ॅपमध्येच करा. खरी परीक्षा त्याच पडद्यावर होते, आणि गणितासाठी आत दिलेला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ज्यांच्या हाताखालून गेलेला असतो त्यांची बरीच मिनिटं वाचतात.

दोन-तीन खेपांनंतर सुधारणा बहुधा थंडावते. चौथ्या खेपेला जाणारे शनिवार निबंधाला आणि बारावीच्या गुणांना दिलेले बरे.

तारखांकडेही बघा. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. लवकरच्या फेरीसाठी ऑक्टोबरची परीक्षा ही बहुतेक ठिकाणी शेवटची सुरक्षित संधी, नेहमीच्या फेरीसाठी डिसेंबरची. आणि नाव नोंदवताना चार कॉलेजांना फुकट गुण पाठवायची जी सोय दाखवतात, तिला भुलू नका. ती कॉलेजं परीक्षेनंतर ९ दिवसांत नक्की करावी लागतात, म्हणजे निकाल बघण्याआधीच. गुणांची खात्री नसेल तर निकाल बघून, पैसे भरून पाठवलेलं परवडतं. अर्ज करताना अनेक कॉलेजांना स्वतः लिहिलेले गुण चालतात, अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. स्वतः लिहिताना एका आकड्याचीही हेराफेरी नको. तेव्हा जुळलं नाही तर मिळालेला प्रवेश जातो.

एपीत २ किंवा ३ आले तर?

एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय घेऊन मे महिन्यात दिलेली परीक्षा, गुण १ ते ५. इथे घाबरण्यासारखं त्या मानाने कमी आहे. बहुतेक कॉलेजांच्या अर्जात एपीचे गुण स्वतः लिहायचे असतात, तेही वाटलं तर. ४ आणि ५ लिहा, २ सोडून द्या, ३ कॉलेज बघून ठरवा. वर्गात त्या विषयात ए आणि परीक्षेत २ असेल तर मात्र शाळा गुण सैल हाताने देते असा अर्थ निघू शकतो, म्हणून तो २ लिहू नये. गुण कायमचे रद्द करायची सोयही असते. ती घाईने वापरू नका, रद्द केलेले गुण परत मिळत नाहीत.

शाळेतले गुण पडले असतील तर दुखणं मोठं

सॅट झाकता येते, शाळेची गुणपत्रिका झाकता येत नाही. बहुतेक निवडक कॉलेजांच्या सी-७ तक्त्यात 'अत्यंत महत्त्वाचं' या रकान्यात शाळेतले गुण आणि विषयांची काठिण्यपातळी ही दोन नावं असतात. इथे उपाय दोनच: पुढचे गुण चढवणं आणि मागच्या घसरणीचं थोडक्यात कारण देणं.

चढत्या गुणांना खरोखर किंमत असते, पण विषय सोपे करून चढवलेल्या गुणांना नाही. रसायनशास्त्रात सी आला असेल तर पुढच्या वर्षी रसायनशास्त्रच वरच्या पातळीचं घेऊन बी-प्लस मिळवणं हे विषय बदलून ए मिळवण्यापेक्षा वजनदार ठरतं. वाचणाऱ्याच्या मनातल्या 'झेपेल का' या प्रश्नाला ते थेट उत्तर असतं. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण काउन्सेलर जानेवारी-फेब्रुवारीत मध्यसत्र अहवालातून पाठवतो. नेहमीच्या फेरीत अर्ज केलेल्यांना ही आणखी एक संधी मिळते. म्हणूनच ज्याची चढण नुकती सुरू झालीय त्याने नोव्हेंबरची घाई करावी की नाही, याचा विचार करावा.

कारण कुठे लिहायचं? कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात 'अधिक माहिती' नावाची जागा आहे. २०२५ पासून तिथे ३०० शब्दांची मर्यादा आहे. अडचणींबद्दल वेगळा प्रश्नही आहे, त्याला २५० शब्द. एवढेही लागत नाहीत. हे बघा:

'मला नेहमीच परीक्षेचा ताण येतो. त्या वर्षी शिक्षकही नीट शिकवत नव्हते आणि माझी खरी क्षमता या गुणांत दिसत नाही.'

आणि हे:

'फेब्रुवारी ते मार्च मी पाच आठवडे आजारी होतो, त्या सत्रात रसायनशास्त्रात सी मिळाला. उन्हाळ्यात राहिलेले प्रयोग पूर्ण केले. यंदा एपी रसायनशास्त्रात ए-मायनस आहे. काउन्सेलरच्या पत्रात तारखा दिल्या आहेत.'

पहिल्यात तक्रार आहे आणि तपासता येईल असं काही नाही. दुसऱ्यात काय झालं, केव्हा, त्यावर काय केलं आणि आता काय स्थिती आहे, हे चार वाक्यांत येतं, आणि दुजोरा दुसऱ्या माणसाकडून मिळतो. काउन्सेलरला हे आधी जाऊन सांगावं लागतं. त्याच्या हाताखाली शेकडो मुलं असतात, त्याला आपणहून आठवेल ही आशा धरू नका.

सॅटच्या कमी गुणांसाठी असं कारण सहसा लिहू नये. ती परीक्षा पुन्हा देता येते, त्यामुळे सबब पोकळ वाटते. मुख्य निबंधात तर गुणांचा विषयच नको. ६५० शब्दांत स्वतःबद्दल सांगायची ती एकमेव मोठी जागा असते, ती एका आकड्याची बाजू मांडण्यात का घालवायची?

यादी बदलावी लागते

कमी गुण आल्यावर सगळ्यात कमी होणारी आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे कॉलेजांची यादी पुन्हा मांडणं. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातल्या पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, १५८० वाले तिथे ढिगाने नाकारले जातात. अशी दोन-तीन नावं यादीत असू द्या. बाकीची अशी हवीत जिथे तुमचे गुण पट्ट्याच्या मधे बसतात, आणि किमान दोन अशी जिथे ते पट्ट्याच्या वर आहेत, खर्च परवडतो आणि मुलाला खरंच जायला आवडेल. शेवटची अट पाळली जात नाही, मग एप्रिलमध्ये घरात रडारड होते.

लवकरच्या फेरीत अर्ली डिसिजन नावाचा बंधनकारक प्रकार असतो. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. अनेक कॉलेजांत या फेरीत प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं, पण त्या गर्दीत कॉलेजने आधीच हेरलेले खेळाडू वगैरेही असतात, तेव्हा तेवढा सगळा फायदा आपल्याला मिळेल असं धरू नये. हा पत्ता गुणांचा पट्टा निदान शिवता येईल अशा कॉलेजवर खेळावा.

नाहीच मिळालं तर

लवकरच्या फेरीत निर्णय पुढे ढकलला गेला तर कॉलेजला एक पानाचं पत्र पाठवता येतं: नवे गुण, नवं काम, आणि अजूनही यायची इच्छा आहे हे स्पष्ट वाक्य. डिसेंबरच्या सॅटमध्ये गुण वाढले असतील तर ते कळवायची हीच जागा.

दुसरा रस्ता आधी दुसरीकडे शिकून मग बदली घेण्याचा. कॅलिफोर्नियात तो सगळ्यात पक्का आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, ६० युनिट (श्रेयांक) पूर्ण केली, ठरलेले विषय आणि ठरलेली सरासरी राखली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा केंद्रांपैकी एकात प्रवेशाची लेखी हमी मिळवता येते. सगळे अभ्यासक्रम त्यात येत नाहीत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत, पण बदलीचे विद्यार्थी तीही घेतात. कॉलेजात दोन वर्षं चांगले गुण मिळवल्यावर शाळेतल्या घसरणीचं वजन बरंच उतरतं. खाजगी नामवंत कॉलेजांत बदलीच्या जागा फार थोड्या असतात आणि काही ठिकाणी त्या अर्जालाही सॅट मागतात, तेव्हा तो रस्ता धरणाऱ्याने पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच दोन्ही कॉलेजांच्या विषयांच्या याद्या शेजारी ठेवून तिथला कुठला विषय इथे धरला जातो ते तपासावं, आणि पहिल्याच सत्रापासून शिफारसपत्र देऊ शकतील अशा दोन प्राध्यापकांच्या वर्गात नियमित बसावं.